सोयरिकीच्या हंगामात आलेले नाटक

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात आणि मंडईबरोबर नाटक येते, त्यामुळे गावोगावच्या उत्सव मंडळांना दरवर्षी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला, जिथे नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत, जाऊन नाटक ठरवण्याचे काम करावे लागते. या हंगामात आमच्या मंडळाने नेहमीच्या कंपन्यांना बाजूला ठेवून एका लहान आणि नव्या संचाला बोलावले. हा संच समलिंगी प्रेम आणि अशा माणसांचे घरदार या एकाच विषयावर स्वतः लिहिलेली नाटके करतो, गावाच्या मागणीप्रमाणे संहितेत फेरफार करून देतो आणि मंच, मंडप व ध्वनिक्षेपक सोडून बाकी सारी सामग्री स्वतःच्या गाडीतून घेऊन येतो. आपल्या गावी त्यांना बोलवावे की नाही, असा विचार करणाऱ्या मंडळांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. संचाचे, नाटकाचे आणि कलावंतांचे नाव मी हेतूनेच देत नाही, कारण त्यातल्या दोघांच्या घरी अजून सगळे ठाऊक नाही आणि त्यांनी तशी विनंती केली आहे. ज्यांना खरोखरच ठरवायचे आहे, त्यांना वडशातल्या नाटकांच्या कार्यालयांत विचारल्यावर पत्ता मिळतो.

आधी व्यवहाराचे सांगतो. या संचाचा ठेका नेहमीच्या व्यावसायिक नाटकापेक्षा बराच कमी आहे, आणि खरे बोलायचे तर आमच्या बैठकीत विषयावरून जो घोळ चालला होता, तो याच मुद्द्यावर मिटला. ठरवलेल्या रकमेत प्रयोग, दिवे, पडदे आणि वाद्यवृंद येतो, तर मंच, मंडप, ध्वनिक्षेपक, जेवण आणि परवानग्या मंडळाकडे असतात. नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मात्र संचाने वेळेवर द्यायला हवे होते. ते अगदी शेवटच्या क्षणी आले आणि तोवर परवानगीचा अर्ज अडून राहिला. ज्या नाटकाचा विषय ऐकूनच समोरचा माणूस चार प्रश्न जास्त विचारणार आहे, त्या नाटकाचा कागद सगळ्यात आधी तयार असला पाहिजे, एवढे या मंडळींच्या लक्षात कसे आले नाही याचे नवल वाटते.

प्रयोगाच्या आधी संचातला लेखक आणि आणखी एक जण गावात मुक्कामाला येतात, पारावर आणि घरोघरी बसतात आणि संवादांत गावाची बोली, पिके, देवस्थान, तलाव यांचे उल्लेख घालतात. हा त्यांच्या सेवेतला सगळ्यात चांगला भाग आहे. आमच्याकडे आलेल्या लेखकाने पहिल्या मसुद्यात प्रत्येक वाक्याला ‘बे’ लावला होता, जो नागपूरच्या पानठेल्यावर शोभतो पण आमच्याकडे बापासमोर कोणी तोंडातून काढत नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितल्यावर त्याने वही काढून ते सारे खोडले. प्रयोगात दोन-तीन ठिकाणी नागपूर डोकावलेच, पण बांधी (धानाचे शेत), पुंजणे (कापलेल्या धानाचा ढीग), पऱ्हे (धानाची रोपे), चुरणे (मळणी) हे शब्द ज्या सहजतेने आले, त्यावरून त्याने नुसते ऐकले नाही तर समजून घेतले हे कळत होते.

आता नाटकाकडे वळतो, पण त्याआधी बाहेरच्या वाचकासाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. २०२३ साली झाडीपट्टीतले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर शहरातल्या वर्तमानपत्रांनी झाडीपट्टी रंगभूमीबद्दल पुष्कळ लिहिले, रात्रभर चालणारे प्रयोग, वरून लोंबणारे माईक, मंचासमोर बसणारे ऑर्गनवाले आणि तबलजी यांची छायाचित्रे छापली. जे फारसे छापून आले नाही ते असे की, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत नाटकाचा हंगाम हाच सोयरिकीचाही हंगाम असतो. धान निघालेले असते, हातात थोडे पैसे असतात, लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दिवसा पोरगी किंवा पोरगा पाहून होतो आणि रात्री सगळे मिळून नाटकाला बसतात. म्हणजे नाटक पाहणाऱ्यांत त्याच दिवशी कोणाच्या तरी घरी चहा-पोहे घेऊन आलेले लोक असतात, आणि मंडपात कुठेतरी ज्याला पाहायला ते आले आहेत तो पोरगाही असतो.

या संचाचे मोठे शहाणपण हे की, त्यांनी आपले नाटक नेमके याच जागी उभे केले आहे. पडदा उघडतो तो पोरगा पाहायला पाहुणे येण्याच्या दिवशी. घर वैनगंगेच्या काठचे, धानाचे. घरातला धाकटा मुलगा काही वर्षे नागपूरला नोकरीला होता, तो बापाच्या आजारपणामुळे परत आला आहे आणि त्याच्याबरोबर त्याचा सोबतीही आला आहे. हा सोबती गेल्या रोवणीपासून घरात राहतो, बांधीत राबतो, आजाला आंघोळ घालतो, गाईची धार काढतो आणि मायच्या हाताखाली चूलही सांभाळतो. पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे घेऊन येतो तोही तोच. पाहुण्यांतला वडीलधारा अगदी सहज विचारतो, “हा कोन होय?”

यानंतर जे घडते ते या नाटकातले सर्वांत उत्तम लेखन आहे. प्रश्न एकदाच विचारला जातो, पण तो बैठकीत फिरत राहतो आणि प्रत्येक जण वेगळे उत्तर देतो. बाप म्हणतो, “गडी होय, सालाचा.” माय म्हणते, “मानलेला पोरगा होय.” बहीण घाईघाईने म्हणते, “दादाचा दोस्त होय.” कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसलेला आजा, ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते, तो म्हणतो, “घरचाच होय.” धाकटा मात्र काही बोलत नाही, आणि तो सोबती ट्रे धरून तसाच उभा असतो. चार उत्तरे ऐकून पाहुणा मनापासून खूश होतो आणि म्हणतो, “मंग याच्यासाठीबी पाहा ना एखांदं ठिकान, दोन्ही लगनं एकाच मांडवात होऊन जातीन.” मंडपात हशा उसळला. कोपऱ्यातल्या बायांना तर हसू आवरेना. आणि मग हसता हसताच, कोणी इशारा न देता, तो हशा बसला, कारण मंचावरचे ते दोघे जण एकमेकांकडे पाहत होते आणि पाहुणा जे बोलून गेला ते त्या दोघांना कसे ऐकू आले असेल, हे प्रेक्षकांना उशिरा पण बरोबर कळले. एवढ्या मोठ्या जमावाला एकही खुलासा न देता इतके सांगता येणे ही साधी गोष्ट नव्हे.

हा प्रवेश ज्या ताकदीने उभा राहिला, त्याचे पुष्कळसे श्रेय माय झालेल्या कलावतीला आहे. त्या झाडीपट्टीतच अनेक हंगाम काम केलेल्या आहेत आणि या संचात त्या एकट्याच तशा आहेत. वरच्या माईकखाली नेमके कुठे उभे राहायचे, हशा आला की किती थांबायचे, मागच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचवताना आवाज चढवूनही तो ओरडणे वाटू नये यासाठी काय करायचे, हे सारे त्यांच्या अंगात मुरलेले आहे. त्यांच्यासमोर नागपूरहून आलेली तरुण मंडळी कच्ची पडतात. ती बंद सभागृहांत आणि एकांकिका स्पर्धांत तयार झालेली आहेत, आणि तिथे कुजबुजलेले वाक्यही ऐकू जाते. इथे उघड्या बांधीत, वाऱ्यात, बाजूला भज्यांची कढई चालू असताना कुजबूज म्हणजे शांतताच. धाकट्याची भूमिका करणाऱ्या मुलाचा चेहरा बोलका आहे, पण खुर्चीच्या तिकिटांच्या मागे बसलेल्यांना त्याचा निम्मा संवाद आणि सगळा चेहरा मिळाला नाही. तालमी गावच्या मोकळ्या जागेत घेतल्या तर हा दोष दोन आठवड्यांत जाईल, असे त्या बाईंनीच जेवताना सांगितले आणि मला ते पटते.

दुसऱ्या अंकातला राखणीचा प्रवेश हा माझ्या मते नाटकाचा जीव आहे, आणि तिथेच गडबडही झाली. कापलेल्या धानाचे पुंजणे बांधीत उभे आहे, चुरणे व्हायचे आहे आणि रात्री राखायला दोघे जण आले आहेत. २०२१पासून छत्तीसगडकडून गडचिरोलीत शिरलेल्या रानटी हत्तींच्या कळपाने किती जणांची पुंजणी तुडवली, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही, त्यामुळे मंचावर फक्त एक शेकोटी आणि दूरवरचा फांद्या मोडल्याचा आवाज असताना मंडपातली माणसे खरोखरच कान देऊन बसली होती. या प्रवेशात प्रेमाचा शब्द एकदाही येत नाही. दोघे जण पुढच्या वर्षी कोणते वाण लावायचे, बोडीचे, म्हणजे शेततळ्याचे, पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरेल का, बापाच्या औषधाला किती लागतील, असे बोलत असतात. मग एक जण म्हणतो, “तू झोप, मी जागतो.” दुसरा म्हणतो, “काल तूच जागला होतास.” आणि आपल्या अंगावरची अर्धी चादर त्याच्या खांद्यावर टाकतो. एवढेच. त्या क्षणी मागच्या पोरांतून शिट्टी आली आणि पाठोपाठ एक घाणेरडा शब्द. मंचावरच्या दोघांनी काय करावे? त्यांनी काहीच केले नाही. चादर तशीच राहू दिली, शेकोटीत एक काडी टाकली आणि शांतपणे थांबले. तेवढ्यात बायांच्या बाजूने कोणीतरी त्या पोरांना त्यांच्या बापाच्या नावाने हाक मारून गप्प केले, आणि प्रवेश पुढे सरकला. अशा वेळी घाबरून संवाद पळवणारे कलावंत मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे या थांबण्याला मी आवाजातल्या दोषांपेक्षा जास्त गुण देतो.

इथे थोडे विषयांतर करतो. दंडार आणि खडी गंमत या इथल्या लोकनाट्यांत पुरुषांनी लुगडे नेसून नाचण्याची परंपरा आमच्याकडे कित्येक पिढ्यांची आहे, आणि स्त्रिया मंचावर येण्याआधी नाटकातल्या नायिकाही पुरुषच होत असत. त्या नाच्यांवर गावाने जीव लावला, पण आजच्या धंदेवाईक नाटकांत बायकी चालीचा पुरुष आला की तो फक्त मार खाण्यासाठी आणि हसू काढण्यासाठीच येतो. मीसुद्धा अशा प्रसंगांना हसत आलो आहे, गावही हसते. या नाटकात आजा हा जुना दंडारीतला नाच्या दाखवला आहे. लेखकाला त्याच्या तोंडी एखादी जुनी प्रेमकहाणी घालता आली असती आणि नाटक लगेच गोडही झाले असते, पण त्याने तो मोह टाळला. आजा फक्त एकदा, सून फार रडते तेव्हा, आपण पायात चाळ बांधून किती गावांत नाचलो आणि सकाळी त्याच गावांत कोणी पाण्याला विचारले नाही, एवढे सांगून पुन्हा घोंगडीत शिरतो. दंडारीच्या एका जुन्या चालीवर ऑर्गनवाल्याने मागे धरलेला सूर त्या क्षणी फार नेमका होता. मध्यंतराआधी मात्र याच संचाने ध्वनिमुद्रित संगीत लावण्याचा हट्ट एका गाण्यापुरता केला, आणि समोर जिवंत वाद्ये असताना यंत्रातून आलेले ते संगीत सगळ्यांनाच परके वाटले.

मराठी रंगभूमीला हा विषय नवा आहे असे कोणी समजू नये. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली मंचावर आले होते. फरक इतकाच की, तेंडुलकरांचे नाटक आणि त्यानंतरचे बहुतेक प्रयत्न मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांपुढे झाले, आणि आमच्या बांधीपर्यंत त्यांतले काही आले नाही. शिवाय अशा कथांत शेवटी कोणाला तरी मारून टाकण्याची लेखकांना जी सवय आहे, ती या संचाने सोडली आहे. यांच्या नाटकात कोणी मरत नाही. धान विकले जाते, कर्ज फिटत नाही, बहीण सासरी परत जाते, आणि प्रश्न घरातच राहतात.

बापाचे दुखणे बळावते तो प्रवेशही जमून आला आहे. त्याला मध्यरात्री मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेले जाते, आणि धाकटा औषधे आणायला धावलेला असताना खिडकीमागचा कर्मचारी कागद पुढे करून सोबत्याला विचारतो, “पेशंटचे तुम्ही कोण?” सोबती क्षणभर थांबतो आणि म्हणतो, “गडी.” स्ट्रेचरवर पडलेल्या बापाला ते ऐकू जाते. पहिल्या अंकात पाहुण्यांसमोर त्याने स्वतःच वापरलेला शब्द त्याच्याकडे अशा रीतीने परत येतो, आणि त्यावर बापाला एकही वाक्य दिलेले नाही, फक्त तो हात हलवून काहीतरी खोडून काढायचा प्रयत्न करतो. माझ्या शेजारी बसलेले आमचे माजी सरपंच, ज्यांनी बैठकीत या नाटकाला सर्वांत कडाडून विरोध केला होता, त्यांनी इथे चष्मा काढून पुसला. त्याचा अर्थ त्यांचे मत बदलले असा मी काढत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विरोधच केला.

नाटक इथून खाली घसरते. तिसऱ्या अंकात बहिणीची एक वकील मैत्रीण येते आणि मंचाच्या मधोमध उभी राहून कायद्याची तालीम द्यावी तसे भाषण करते: २०१४ साली तृतीयपंथीयांबाबतचा निकाल, ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७मधून प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना मिळालेली मुक्तता, १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क मान्य करण्यास सर्वोच्च न्यायालयाने दिलेला नकार. सगळे बरोबर आहे, तारखाही बरोबर आहेत, पण ज्या प्रेक्षकांनी दोन अंक कोणाच्या सांगण्याशिवाय समजून घेतले होते, त्यांना एकाएकी शाळेत बसवल्यासारखे झाले. माणसे उठून चहाला गेली. प्रबोधन करणाऱ्या नाटकांचा हा जुनाच रोग आहे. आपण जे दाखवले ते पोचले की नाही याची लेखकाला धास्ती वाटू लागते आणि मग तो तेच बोलून दाखवतो.

हे अधिक खटकते, कारण त्याच अंकात कायदा मंचावर कसा आणावा याचा उत्तम नमुनाही आहे. भाषण संपल्यावर माय रेशन दुकानात जाते. अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले समजावे, असे केंद्र सरकारने २०२४ साली राज्यांना कळवले आहे, आणि त्या बातमीचे घडी घालून घालून फाटत आलेले कात्रण तिच्या पदरात आहे. तिला वाचता येत नाही, पण त्यात काय आहे ते तिला पाठ आहे. दुकानदार कात्रण उलटेसुलटे करून पाहतो, आमच्याकडे असे काही आलेले नाही म्हणतो, वर विचारावे लागेल म्हणतो. ती म्हणते, “इचारा तुमी. मी बसते इथंच.” आणि थैली मांडीवर घेऊन खरोखरच बसते. मागे रांग लागते, रांगेतल्या बाया तिला विचारतात की कोणाचे नाव चढवायचे आहे, आणि पहिल्या अंकात ‘मानलेला पोरगा’ म्हणणारी ही बाई आता काय उत्तर देते, हे मी इथे सांगणार नाही, कारण ते पाहायलाच नाटक बोलवावे. नाव चढते की नाही हे नाटक सांगत नाही. लेखकाने वकिलीण काढून टाकली आणि ही रांग दुप्पट लांब केली, तर तिसरा अंक पहिल्याच्या तोडीचा होईल.

माझी सर्वांत मोठी तक्रार वेळेबद्दल आहे, आणि ती शहरातल्या वाचकाला कदाचित चमत्कारिक वाटेल. नाटक मध्यरात्र उलटून थोड्याच वेळाने संपले. पुण्या-मुंबईत तीन तासांचे नाटक भरपूर झाले, पण आमच्याकडे तिकीट काढणारा माणूस रात्र काढायला आलेला असतो. आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टरने आणि पायी आलेली माणसे, लेकरे, म्हाताऱ्या यांना पहिल्या एसटीशिवाय परतीचा मार्ग नसतो, आणि पौषाच्या थंडीत पडदा पडल्यावर त्यांनी जायचे कुठे? पुष्कळ जण मंडपातच चादरी गुंडाळून बसून राहिले. काहींनी मंडळाकडे तिकिटाचे अर्धे पैसे परत मागितले आणि त्यांचे काही चुकले असे मला म्हणता येत नाही. झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत चालते ते कोणाला लांबण लावण्याची हौस आहे म्हणून नव्हे, तर त्यामागे हा सरळ हिशेब आहे. संचाने नाटकाआधी किंवा नंतर गावच्या दंडार मंडळाला दोन तास द्यावेत, किंवा गाण्यांची संख्या वाढवावी. आजाच्या भूमिकेमुळे दंडार या नाटकात उपरी वाटणार नाही, उलट शोभेल.

याच वेळेच्या गणितामुळे प्रयोगानंतरची चर्चाही फसली. प्रेक्षकांशी बोलणे हा संचाच्या सेवेचा एक भाग आहे आणि तो असावाही, परंतु थंडीत कुडकुडणाऱ्या, झोपेला आलेल्या लोकांना कोणी माईक देऊन ‘तुम्हाला काय वाटले?’ असे विचारले तर कोण बोलेल? दोन शिक्षक बोलले, ते नेहमीच बोलतात. खरे बोलणे दुसऱ्या दिवशी विहिरीवर, पानठेल्यावर आणि धानाच्या काट्यावर झाले. तिथे नाटकाची बाजू घेणारे होते, शिव्या देणारे होते, आणि बहुतेक जण त्या पाहुण्याच्या ‘एकाच मांडवात’ या वाक्याची नक्कल करत होते, कोणी थट्टेने तर कोणी तसे नाही. संचातली मंडळी तोवर गाडी भरून निघून गेली होती. त्यांनी एक दिवस जास्त राहावे आणि चर्चा दुपारी समाज मंदिरात, बायांची वेगळी आणि पुरुषांची वेगळी ठेवावी, असे मला सुचवावेसे वाटते.

पत्रकाबद्दलही दोन शब्द लिहितो. गावोगाव वाटलेल्या पत्रकावर आणि भोंगा लावलेल्या गाडीवर ‘हृदयस्पर्शी कौटुंबिक संगीत नाटक’ एवढेच होते, विषयाचा कुठेही उल्लेख नव्हता. आमच्या मंडळातल्या काहींना ही चतुराई वाटली. माझे मत वेगळे आहे. नाटक कौटुंबिक आहे यात शंका नाही, किंबहुना हंगामातल्या पुष्कळ तथाकथित कौटुंबिक नाटकांपेक्षा जास्त कौटुंबिक आहे, पण ज्यांना विषय ठाऊक असता तर आले नसते त्यांना फसवल्यासारखे वाटले, आणि ज्यांना ठाऊक असता तर दूरवरून आले असते ते घरीच राहिले. शेजारच्या तालुक्यातल्या एका मुलाने नंतर मंडळाच्या फोनवर विचारले की पुन्हा प्रयोग आहे का, आणि तो विचारताना आपले नाव सांगायला तयार नव्हता. त्याच्यापर्यंत पत्रक पोचले होते, पण पत्रकाने त्याला काहीच कळवले नव्हते. पत्रकावर एक स्पष्ट ओळ असावी आणि तिची जबाबदारी मंडळाने घ्यावी.

बोलवणाऱ्या मंडळांनी म्हणून एवढे आधीच ठरवून घ्यावे: परिनिरीक्षणाच्या प्रमाणपत्राची प्रत पहिल्याच भेटीत मागावी, संवादांवर काम करायला येणाऱ्या लेखकाची गाठ गावातल्या जुन्या कलावंतांशी घालून द्यावी, मोकळ्या जागेत किमान एक तालीम व्हावी असा आग्रह धरावा आणि मागच्या पोरांच्या टोळक्याजवळ मंडळाचे दोन वजनदार सभासद बसवावेत. शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री हे नाटक ठेवू नये, त्या रात्रीचा प्रेक्षक वेगळ्या तयारीने आलेला असतो. मंडईची रात्र याला योग्य आहे, कारण पाहुणे त्याच वेळी गावात असतात.

संचाकडे दुसरेही एक नाटक तयार होत आहे. त्यात दोन बाया आहेत, एक अंगणवाडीत मदतनीस आणि दुसरी शिवणकाम करणारी, आणि भांडण मोठ्या भावाच्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव राहू द्यायचे की नाही यावरून सुरू होते. लेखकाने त्यातले काही प्रवेश आमच्याकडे मुक्कामाला असताना वाचून दाखवले. बहिणीच्या हिश्शाचा प्रश्न गावातल्या प्रत्येक घरात आहे, त्यामुळे त्याला पहिल्या नाटकापेक्षा जास्त विरोध होईल असा माझा अंदाज आहे. पुढच्या हंगामासाठी आमच्या मंडळाने त्याच नाटकाची मागणी नोंदवली आहे, आणि ठेक्याच्या कागदावर प्रयोग पहाटे पाचपर्यंत चालेल ही अट घातली आहे. संचाने अजून सही केलेली नाही.